गवताळ तलावावर वीस तास : एक सिप्रनस (कॉमन कार्प), एक सुटलेला मासा आणि गवताबद्दल थोडं

गंगाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार-रविवार दिंडोरी तालुक्यातल्या एका पाझर तलावावर काढला. तलावाचं नाव इथे लिहीत नाही. तळं लहान आहे आणि मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर आहे. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा, संस्थेच्या माणसाशी गाठ घालून देईन. पावती फाडल्याशिवाय तिथे गळ टाकायचा नाही, एवढं आधीच सांगतो.

हे तळं बहात्तरच्या दुष्काळातल्या कामावर झालेलं. गावातल्या एक आजी बांधावरून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्या मातीच्या पाट्या म्या वाह्यल्यात." त्या बांधावर बसून मी पुढचे वीस तास काढले.

तळ्यात गवत भयंकर आहे. गोदावरीत नाशिक शहराखाली तटते ती पाणवेल नाही, तर पाण्याखालून वर येणारं हिरवंगार, मऊ, दोरखंडासारखं वळलेलं गवत. काठापासून पंचवीस-तीस फूट सलग रान, पुढे कुठे दाट, कुठे विरळ. वरून पाहिलं तर पाणी साफ दिसतं, कारण गवताचा शेंडा पृष्ठभागाच्या हातभर खाली थांबलेला असतो. गळ टाकला आणि ओढला की मग कळतं.

मला ते मागच्या वर्षीच कळलं होतं, आणि वाईट रीतीने. तेव्हा मी कटल्यासाठी लावतात तसा गुच्छा लावला होता. पेंडीचा मोठा गोळा, त्याभोवती पाच गळ, साधं पातळ तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. संध्याकाळी जोरदार ओढ बसली, मासा सरळ गवतात शिरला, मी घाबरून ताणलं आणि तंगूस तुटलं. मला वाटलं, गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं पाजायला आलेल्या पोराने हाक मारली. तीनेक किलोचा मासा गवतात पोट वर करून अडकलेला. एक गळ तोंडात, दुसरा कल्ल्याजवळ, उरलेले तीन गवतात रुतलेले. रात्रभर तो तिथे बांधलेल्या गुरासारखा उभा राहिला असणार. तो दिवस मी विसरलेलो नाही. वर्षभर त्या तळ्यावर गेलो नाही. यंदा गेलो ते एवढंच ठरवून, की मासा मिळो न मिळो, माझ्या हातून तुटलेली दोरी पाण्यात राहता कामा नये.

तयारी सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

मका आदल्या दिवशी चोवीस तास भिजत घातला आणि मग अर्धा तास उकडला. हे टाळू नका. कोरडा किंवा अर्धवट भिजलेला दाणा माशाच्या आतड्यात जाऊन फुगतो, आणि या माशांना आपल्यासारखं जठरही नसतं. रीळावर तीस पौंडाची ब्रेडेड (विणलेली) दोरी, कारण ती गवत कापत येते, आणि पुढे दोन हात जाड तंगूस. गळ एकच, सहा नंबरचा. दाणे गळात ओवले नाहीत. गळाच्या मागे केसाएवढ्या बारीक दोऱ्यात दोन दाणे ओवले, त्यात वरती फोमचा बारीकसा तुकडा, म्हणजे दाणे तळाला न चिकटता जरा उचललेले राहतात. इंग्लंडात १९७० च्या दशकाच्या शेवटी निघालेली ही युक्ती, हेअर रिग म्हणतात. मासा दाणे ओढून घेतो, काहीतरी टोचतंय म्हणून थुंकायला जातो आणि गळ खालच्या ओठात बसतो. घशात जात नाही.

वजनाला शिसं लावलं नाही. नदीतले सुपारीपेक्षा मोठे गोटे घेतले आणि प्रत्येक गोटा शिवणकामाच्या साध्या दोऱ्याने बांधला. मासा गवतात घुसला की गोटा अडकतो, कच्चा दोरा तटकन तुटतो आणि मासा हलका होऊन वर येतो. पाण्यात पडून राहतो तो दगड. पाच-सहा गोटे लागतात, खर्च शून्य.

शनिवारी दुपारी दीडला पोचलो आणि पहिले दोन तास गळ लावलाच नाही. नुसत्या दोरीला साठ ग्रॅमचं शिसं बांधून इकडे-तिकडे टाकत राहिलो. गवतावर शिसं पडलं की काहीच जाणवत नाही, दोरी उगाच सैल पडते आणि ओढलं की मुठीएवढा हिरवा गुंता घेऊन येतं. गाळात पडलं की लोण्यात बोट घातल्यासारखं. आणि कुठेतरी एके ठिकाणी हाताला "टक्" लागतं. बांधाच्या उजव्या अंगाला, बेशरमीच्या झुडपांसमोर साधारण पंचेचाळीस पावलांवर मला तो टक् लागला. चारी बाजूंनी गवत आणि मध्ये बाजेएवढी मोकळी मुरमाड जागा. शिसं ओढताना बारीक खडे कातडीला लागावेत तसे दोरीतून कळत होते. अशा जागा बऱ्याचदा मासेच मोकळ्या ठेवतात, रोज तिथे तोंड घालून. दोरीला त्या अंतरावर लाल लोकरीची गाठ मारली आणि पुढचं सगळं त्या गाठीवर.

गळ टाकताना आणखी एक करायचं. गळाचं टोक शेंगपेंडीच्या लिंबाएवढ्या गोळ्यात दाबून टाकायचं. गोळा गवतातून खाली जाताना गळ कशालाच अडकत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत पेंड विरघळली की दाणे मोकळे.

संध्याकाळी काही नाही. वारकरी पक्ष्यांचा थवा गवतावरून चरत होता आणि दोन कमळपक्षी. रात्री थंडी चांगलीच होती. भाकरी-ठेचा खाल्ला आणि कांबळं ओढून बसलो. साडेदहाला एक ओढ, चार मिनिटं मासा लावून धरला, मग एकदम सुटला. दोरी आली तेव्हा गळ सरळ झालेला होता. वाईट वाटलं, पण दोरी तुटली नव्हती, म्हणजे तो मासा मोकळा गेला.

पहाटे पाच ते सहा पूर्ण शांतता. मग उजाडताना काठच्या गवतात, अगदी गुडघाभर पाण्यात, खळबळ सुरू झाली. पाठी बाहेर येत होत्या, शेपट्या आपटत होत्या, गवत थरथरत होतं. मला वाटलं मासे काठाला चरायला आले. तिकडे गळ टाकायचा मोह झाला, पण तिथून मासा बाहेर काढता आला नसता, म्हणून गाठीवरच राहिलो.

सहा पन्नासला ओढ. तो सरळ डावीकडच्या गवतात गेला आणि थांबला. मागच्या वर्षीचा सगळा प्रसंग डोळ्यांसमोर आला. या वेळी रॉड खाली ठेवला, रीळ मोकळं सोडलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. आठ मिनिटं. घड्याळात पाहत होतो. मग दोरी आपोआप सरकायला लागली. ताण गेला की मासा आपणच वाट काढतो. उचलला तेव्हा गोट्याचा दोरा तुटल्याचं हाताला कळलं, आणि तो वर आला, डोक्यावर गवताचा मोठा टोप घेऊन. डोळे झाकले गेले की मासा गरीब होतो, मग शेवटचे वीस फूट तो भांडलाच नाही.

सिप्रनस. चार किलो तीनशे ग्रॅम. ओल्या गोणपाटावर ठेवला, हात ओले केले, गळ खालच्या ओठातून दोन बोटांनी निघाला. ओठाच्या कडेला चार मिशा, पितळेसारखे खवले, पोट चांगलं भरलेलं. पाठीवरच्या पराचा पुढचा जाड काटा करवतीसारखा असतो, तो जाळीत अडकला होता, सोडवायला मिनिट गेलं. मग गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याला दोन्ही हातांत सरळ धरलं. कल्ले नीट चालायला लागले, एकदा शेपूट मारली आणि गेला.

गोणपाटाला पिवळसर रव्यासारखं काहीतरी चिकटलं होतं, पेंडीचा चुरा असावा. धुवून गाडीत टाकलं.

दहाला गुंडाळलं. गावातली माणसं म्हणत होती की हे गवत आता काढायचंच, बुधवारी दाताळ्याने काठ साफ करणार. तुमच्यापैकी कुणाला गवताळ तळ्याचा अनुभव असेल तर लिहा. गवत काढावं का, किती काढावं?

---

तंगूस | सोमवार, रात्री ९:५२

दादा, गोट्याला कच्चा दोरा बांधायची युक्ती एक नंबर. मी सातपूरहून गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर जातो, तिथे माझी महिन्याला तीन-चार शिसं तरी अडकून जातात. एक विचारायचं होतं. ब्रेडेड दोरीने माशाचं तोंड फाटत नाही का? ती अजिबात ताणत नाही ना?

---

गंगाकाठ | सोमवार, रात्री १०:०५

फाटू शकतं, म्हणून तर रीळाचा ब्रेक सैल ठेवायचा आणि पुढे तंगूस घ्यायचं, ते थोडं ताणतं. काठाजवळ मासा आला की आणखी सैल करायचं. शेवटच्या दहा फुटांत घाई केली की तोंडं फाटतात.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

मित्रा, छान लिहिलंस. मी मूळचा सांगलीचा, आता इंदिरानगरला. चाळीस वर्षं गळ टाकतोय. आम्ही लहानपणी कणकेत थोडा कापूस मळायचो, म्हणजे गोळा गळावर टिकायचा, छोटी मासळी टोचून टोचून संपवायची नाही. गवतात मात्र कणीक बाद, ती तळाच्या गाळात रुतून बसते. तुझा फोमचा तुकडा त्यापेक्षा चांगला.

पण मला तुझा एक मुद्दा मान्य नाही. गुच्छा वाईट नाही, गुच्छा चुकीच्या पाण्यात वाईट. धरणाच्या उघड्या खोल पाण्यात कटल्याला गुच्छाच लागतो. तो तळाला तोंड घालणारा मासाच नाही. त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातला बारीक जीव गाळून खातो. पेंडीचा विरघळणारा ढग चोखताना गळ ओठात बसतो. एका गळाने कटला लागेल, पण दिवस जाईल.

---

गंगाकाठ | सोमवार, रात्री १०:५८

काका, मोकळ्या पाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मी गवताबद्दलच बोलतोय. पाच गळांतला एक माशाला आणि चार गवताला लागले, की मासा मेला असं समजायचं. तिथे मी गुच्छा पुन्हा लावणार नाही.

---

काळी_माती | मंगळवार, सकाळी ७:२०

मी त्याच पट्ट्यातला. द्राक्षबाग आहे, आता खुडा चालू आहे म्हणून थोडक्यात लिहितो. हे गवत आमच्या लहानपणी एवढं नव्हतं. तळ्याच्या वरच्या अंगाला तेव्हा बाजरी आणि हरभरा असायचा, आता सगळ्या बागा. पावसात बांधावरून जे पाणी तळ्यात उतरतं त्याच्यासोबत नत्र आणि स्फुरद उतरतं. आम्ही वेलीला घालतो ते शेवटी गवताला मिळतं. गवत काढलं तरी खत येत राहिलं तर दोन वर्षांत परत तेवढंच. मी माझ्या बागेच्या खालच्या बाजूला दहा फूट गवताची पट्टी सोडली आहे आणि चर काढलाय. एकट्याने होत नाही, पण सुरुवात केलीय.

आणि हो, ते काढलेलं गवत काठावर टाकू नका. कुजलं की परत पाण्यातच झिरपतं. मला द्या. शेणात मिसळून कंपोस्ट होतं, फक्त आधी दोन दिवस उन्हात वाळवावं लागतं, नाहीतर चिखल होतो.

---

जाळंवाला | मंगळवार, दुपारी १:१५

मी संस्थेचा सभासद, बाप-आजा सगळे जाळ्यावरच. आमच्या अंगाने सांगतो.

गवतात जाळं चालत नाही. ओढलं की सगळं गवत गोळा होतं आणि मासा खालून निसटतो. म्हणून आम्हाला काठ साफ पाहिजे. दरसाल आम्ही कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडतो. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे आमचा पैसा जो पाण्यात जातो तो परत काढायचा तर जाळं फिरलंच पाहिजे. सिप्रनसचं तसं नाही, तो तळ्यातच वाढतो, विकत घ्यावा लागत नाही. पण गाळ ढवळतो, पाणी गढूळ करतो, आणि बाजारात रोहूएवढा भाव येत नाही.

गंगाकाठ भाऊ, तुम्ही पावती फाडून येता आणि मासा सोडता, त्याला आमची ना नाही. पण एक सांगा, चार किलोचा मासा सोडून द्यायचा होता तर पकडला कशाला? माझ्या पोराने मला हे विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

---

गंगाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

भाऊ, उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मला पाणी वाचायला आवडतं. कुठे खडक, कुठे गाळ, कुठे मासा उभा आहे, हे न दिसता ओळखायचं आणि बरोबर निघालं की नाही ते एका ओढीने कळायचं, यासाठी मी जातो. मासा हातात येतो तेव्हा ते खरं ठरतं. मी मासे खातो, घरी आवडीने होतात, आणि तुमच्या जाळ्यातला विकत घेऊन खातो. त्याला चार किलोचा जीव मारायची गरज मला वाटत नाही. पण हे पोटावर असलेल्या माणसाला सांगताना मला संकोच वाटतो, हेही खरं. तुमच्या पोराचा प्रश्न योग्य आहे.

---

खंड्या | मंगळवार, रात्री ९:०४

मी पक्षी बघणारा. गवत सरसकट काढू नका, ही विनंती. वारकरी, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांचं सगळं या गवतावर आहे. नांदूर मध्यमेश्वरला पाहा. १९१० च्या आसपास गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधारा झाला, गाळ साचला, गवत वाढलं, पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ते सगळं उथळ पाणी आणि गवतामुळे. (तिथे कुणी गळ घेऊन जाऊ नका, अभयारण्य आहे.)

दुसरं, तंगूस. मागच्या हिवाळ्यात एका बगळ्याच्या पायाला गुंडाळलेलं तंगूस मी आणि मित्राने कात्रीने कापलं. पाय सुजून काळा पडला होता. तुटकी दोरी खिशात घालून घरी न्या, काठावर एक वीतसुद्धा टाकू नका. गंगाकाठ यांनी दोरी तुटू नये म्हणून एवढा विचार केला, हे वाचून बरं वाटलं.

---

हायड्रिला | मंगळवार, रात्री १०:२२

दादा, मी मत्स्यविज्ञान शिकले आहे, बीजकेंद्रावर काम केलंय. तुमचा धागा दोनदा वाचला. एक विचारते, गोणपाटाला जे चिकटलं होतं ते पेंडीचंच होतं याची खात्री आहे का? धुताना सुटलं का? आणि दाणे सगळे सारखे गोल होते का?

---

गंगाकाठ | मंगळवार, रात्री १०:३५

ताई, गोणपाट आत्ता गाडीतून काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. धुतलं होतं तरी धाग्यांत बरेच दाणे अजून बसलेत. सगळे सारख्या आकाराचे, मोहरीपेक्षा लहान. वाळून पांढरट झालेत. नखाने उचकटावे लागतात, इतके घट्ट आहेत. पेंडीचा चुरा असा नसतो.

---

हायड्रिला | मंगळवार, रात्री ११:१०

मग ती अंडी आहेत, दादा. सिप्रनसची अंडी चिकट असतात. रोहू-कटल्याची तशी नसतात, ती पाण्यात सुटी राहतात आणि फुगतात. सिप्रनस आपल्याकडे वर्षातून दोनदा घालतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात, आणि घालतो ती पाण्यातल्या गवताला चिकटवून. उजाडताना गुडघाभर पाण्यात जी खळबळ दिसली, पाठी बाहेर, शेपट्या आपटणं, ते चरणं नव्हतं. एका मादीमागे दोन-तीन नर लागतात आणि गवतात घुसतात, ते होतं. तुम्ही पकडलेली मादी होती आणि पूर्ण तयार होती, म्हणून पोट भरलेलं आणि गोणपाटावर ठेवताच अंडी सुटली.

तुमचा दोष काढत नाही. तुम्ही ओल्या गोणपाटावर ठेवली, लवकर सोडली, ती वाचली असणार आणि बाकीची अंडी घातलीही असणार. एका किलोमागे लाखभर अंडी असतात. पण पुढच्या वेळी काठाला अशी खळबळ दिसली तर गळ गुंडाळून नुसतं बघत बसा, असं सुचवीन.

आता गवताबद्दल. तुम्ही वर्णन केलंय ते बहुतेक हायड्रिला, माझ्या नावातलं. बीजकेंद्रावर आम्ही हेच गवत मुद्दाम आणतो. कापडी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडाच्या पेटीत) नर-मादी सोडायचे आणि सोबत मादीच्या वजनाच्या दुप्पट हायड्रिला. सकाळी गवताच्या पानापानाला अंडी लागलेली असतात, मग ते गवत उचलून उबवणीच्या हाप्यात. या दिवसांत तीनेक दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, आणि पुढचे दोन-तीन दिवस तीही गवतालाच लटकून राहतात.

म्हणजे बुधवारी काठचं गवत काढलं तर...

---

जाळंवाला | मंगळवार, रात्री ११:२६

ताई, ह्ये खरं असेल तर उद्या सकाळी नऊला माणसं येणार आहेत दाताळी घेऊन. ठरवलेली मजुरी आहे.

---

हायड्रिला | मंगळवार, रात्री ११:४१

काका, रविवारी घातलेली अंडी असतील तर आज-उद्या फुटतायत. पण सगळे मासे एकाच दिवशी घालत नाहीत, आठवडाभर चालू शकतं. संस्थेच्या दृष्टीने बघा. कटला-रोहूचं बी तुम्हाला विकत आणावं लागतं. तेही मिळतं ते १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पियुषिकेचं (मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं) इंजेक्शन देऊन या माशांना अंडी घालायला लावलं म्हणून. तोपर्यंत पुरात नदीतून बी गोळा करावं लागायचं. सिप्रनसचं बी मात्र तुमच्या काठाला फुकट लागलंय. भाव कमी असेल, पण फुकट आहे.

गवत काढूच नका असं माझं म्हणणं नाही. अति गवताने नुकसानही होतं. दिवसा गवत प्राणवायू देतं, पण रात्री तेच गवत श्वास घेतं, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. गंगाकाठ दादांना पाच ते सहा काहीच हालचाल दिसली नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि दोन-तीन दिवस ढगाळ राहिले, की अशा तळ्यात सकाळी मासे वर तोंड काढतात, कधी मरतात. तेव्हा एक तृतीयांश गवत काढावं, तेही पट्ट्यापट्ट्याने, आणि हे घालण्याचे दिवस गेल्यावर.

---

तंगूस | बुधवार, सकाळी ६:५०

ताई, गवत्या मासा सोडला तर? तो गवतच खातो ना?

---

हायड्रिला | बुधवार, सकाळी ७:३०

खातो, हायड्रिला तर आवडीने. १९५९ ला हाँगकाँगहून भारतात आणला तो याच कामासाठीही. पण दोन गोष्टी. खाल्लेल्यातलं बरंचसं अर्धवट पचून बाहेर पडतं, म्हणजे पाण्याला पुन्हा खतच. आणि जास्त सोडले तर गवताचा मागमूस ठेवत नाहीत, मग खंड्या म्हणतात ते पक्षीही गेले आणि अंडी चिकटवायची जागाही गेली. पाणवेलीला तर तो फारसा तोंड लावत नाही. थोडे, मोजून, संस्थेने विचार करून सोडावेत.

---

जाळंवाला | बुधवार, सकाळी ११:०५

सकाळी सात वाजता मी स्वतः गेलो. गंगाकाठ भाऊंनी सांगितलेल्या जागेला, बेशरमीपासून डावीकडे, गवताचा एक झुबका उचलला. पानांच्या मागच्या अंगाला रांगेने दाणे. काही पांढरे मेलेले, बरेचसे पारदर्शक, आणि आत दोन काळे ठिपके. माझा बाप हयात असता तर त्याला दाखवले असते. एवढी वर्षं त्या गवताला शिव्या घालत जाळं सोडवत आलो, कधी उलटं करून बघितलं नाही.

मजूर आले होते. त्यांना बांधाच्या डाव्या अंगाला लावलं, तिथे पाणी खोल आहे आणि काठाला खळबळ नव्हती. तिथलं गवत तीन ट्रॉल्या निघालं, काळी_माती यांच्याकडे पाठवलं. उजवा काठ सुतळी बांधून पंधरा दिवस बंद केलाय. संस्थेत दोघांनी कुरकूर केली, त्यांना तिथे नेऊन पान दाखवलं.

---

काळी_माती | बुधवार, दुपारी ३:४०

तीन ट्रॉल्या पोचल्या. उन्हात पसरल्या. गवतातून एक मरळ आणि खेकडे निघाले, बादलीतून परत तळ्यात सोडायला पोरगा पाठवलाय.

---

गंगाकाठ | रविवार, रात्री ८:४५

आज सकाळी गेलो होतो, गळ घरी ठेवून. पाचला पोचलो. हायड्रिला ताई आणि जाळंवाला भाऊ दोघंही आले होते, भाऊंचा पोरगाही. सुतळीच्या पलीकडे, साधारण सव्वासहाला खळबळ सुरू झाली. ताईंनी बोट दाखवलं तसं पहिल्यांदा नीट दिसलं. मोठी मादी मध्ये, दोन बाजूंना दोन बारीक नर, आणि तिघं एकदम गवतात अंग घासतात. गवत दाबलं जातं आणि परत वर येतं. पाऊण तास चाललं.

नंतर पोराने पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात गवताचा एक शेंडा धरला. ताटलीच्या कडेला सुईच्या टोकाएवढी पिल्लं लटकली होती, नुसते दोन डोळे आणि एक शेपटी. त्याने मोजायला सुरुवात केली आणि एकोणचाळीसला सोडून दिली. मग ताटली पाण्यात अलगद बुडवून रिकामी केली.

मका घरी भिजवलेला नाही. सुतळी सुटल्यावर, मार्चच्या मधल्या शनिवारी पुन्हा जाईन, त्याच मुरमाच्या जागेवर. लाल लोकरीची गाठ दोरीला तशीच आहे. पावतीचं भाऊंशी बोलून ठेवलंय, आणि त्यांचा पोरगा म्हणालाय की शिसं टाकून "टक्" कसं शोधायचं ते त्याला शिकायचंय.